बाहेरची कडी

गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत. पुढच्या खोलीत त्याचं काम चाले: प्लॅस्टरचे साचे, गुलाबी मेणाचे तुकडे, मेण वितळवायला एक छोटा स्टोव्ह, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे दात. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझं भरलं की नाही!" हा त्याचा तीस वर्षं जुना विनोद. नवं गिऱ्हाईक आलं की बायको आतल्या खोलीतून तो त्याच्याही आधी पुटपुटे. ती शाळेच्या ऑफिसात कारकून होती. सकाळी नऊला जायची, साडेपाचला यायची.

मागच्या खोलीत अक्का असे. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि अक्का पंधराची. बाप कारखान्यात पाळीवर. घर अक्कानंच ओढलं. तिच्या हाताला विश्रांती नव्हती आणि जिभेला हाड नव्हतं. हा फार त्रास द्यायला लागला की ती त्याला जिन्याखालच्या सरपणाच्या खोलीत ढकलायची आणि बाहेरून कडी घालायची. तो आतून दार बडवायचा. "अक्का, उघड ना गं. मी शहाण्यासारखा राहीन." तिचं काम उरकलं की ती उघडायची. मग त्याच्या अंगाला चिकटलेला लाकडाचा भुसा झटकायची आणि स्वतःच्या वाटणीचं दूध त्याच्या पेल्यात ओतायची. पण दूध पोटात गेलं की विसरलं जातं. कडी त्याच्या मनात राहिली.

नवरा वारल्यावर, पोटी मूल नसल्यानं, अक्का भावाकडे आली. दहा वर्षं बरी गेली. मग तिची आठवण हळूहळू उसवत गेली. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग वार, मग माणसं. पाय मात्र धड होते, आणि ते तिला घरात बसू देत नव्हते. दुपार झाली की ती गल्ली ओलांडून समोरच्या शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला लागून असलेल्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसायची. एकदा मात्र तशीच पुढं मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, आणि चौकातला पोलीस तिला हाताला धरून घेऊन आला.

डॉक्टर म्हणाले, "दाराला घंटी लावा. घरात कुणी तरी सोबत राहा. पण कोंडून घालू नका. अशी माणसं फार घाबरतात."

बायकोनं घंटी लावली. ती दिवसातून वीस वेळा वाजायची, आणि वीस वेळा हातातलं गरम मेण टाकून तो उठायचा. महिनाभरानं त्यानं मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी ठोकली.

"अहो, माणूस आहे ते. शेळी नाही दावणीला बांधायला," बायको म्हणाली.

"गाडीखाली आली म्हणजे? तेव्हा कुणाला विचारशील?"

शेवटी असं ठरलं, की तो बाहेर जाईल आणि घरात दुसरं कुणी नसेल तेव्हाच कडी लावायची, तीही दहा-पंधरा मिनिटं. पण बोट दिलं की हात धरायला वेळ लागत नाही. आधी बाहेर जाताना, मग गिऱ्हाईक बसलेलं असताना, मग जेवल्यावर डोळा लागावा म्हणून, असं करत करत कडी अर्धा दिवस लागू लागली.

आणि एका दुपारी आतून आवाज आला, "बारक्या, उघड ना रे. मी शहाण्यासारखी राहीन."

बारक्या म्हणजे तो. हे नाव घेणारं जगात आता ती सोडून कुणी उरलं नव्हतं. तो हातातला साचा घेऊन तसाच थांबला. वाक्य त्याचंच होतं, सहज पन्नास वर्षं जुनं. आणि त्याला बरं वाटलं. थंडीनं बधिरलेले हात कोमट पाण्यात घालावेत तसं. मग तो दचकला, पण दचकलेल्या माणसाला कारण हुडकायला उशीर लागत नाही. पेरावं तसं उगवतं, तो स्वतःशी म्हणाला. रस्त्याच्या टोकाला बुद्धविहार होता, तिथं तो लहानपणापासून जात आलेला. कर्म हा शब्द त्यानं शेकडो वेळा ऐकला होता. त्यातलं अर्धं कानावर पडलं होतं, आणि त्या अर्ध्यातलं सोयीचं तेवढं त्यानं ठेवलं होतं. तिचं कर्म तिला भोगायला लावतंय. आपण कोण? आपण नुसतं निमित्त. अशी सबब मिळाल्यावर कडी लावताना हाताला काही वाटेनासं झालं.

पुढचं घडलं ते एका बुधवारी. एका निवृत्त मास्तरांची कवळी त्यानं दोन दिवस खपून तयार केली होती. तो हात धुवायला आत गेला आणि बाहेर येऊन पाहतो तर अक्का कवळी तोंडात घालून उभी, आणि मास्तरांच्या दातांनी त्याच्याकडे पाहून हसतेय. कुणालाही हसू यावं असंच ते होतं. त्याला आलं नाही. तो ओरडला, ती घाबरली, कवळी फरशीवर पडली आणि मधोमध दुभंगली.

त्यानं तिला दंडाला धरून ओढत नेलं, खोलीत लोटलं आणि कडी घातली.

"बस आता. कळू दे तुलाही," तो दाराला तोंड लावून म्हणाला.

मग पिशवी उचलून दाताच्या डॉक्टरांकडे गेला. काम पाच मिनिटांचं होतं. तो तासभर बसला. चहा घेतला, दुसरा घेतला. घरी जायची घाई नव्हती. ती दार बडवत असेल, आणि उघडायला कुणी नाही, एवढाच विचार तो जिभेखालच्या खडीसाखरेसारखा घोळवत होता.

परत आला तर गल्ली धुळीनं भरलेली. शाळेच्या कुंपणाची भिंत वीस-पंचवीस फूट आडवी झाली होती आणि तो सिमेंटचा बाक तिच्याखाली नाहीसा झाला होता. चार-पाच माणसं हातांनी विटा उपसत होती. शेजारच्या टेलरकाकू गळ्यात टेप तसाच लटकलेला, ऊर बडवत होत्या.

"अहो, अक्का! रोज या वेळी इथंच बसतात हो त्या!"

तो घरात धावला. कडी लागलेली होती. त्यानं ती काढली. अक्का पलंग आणि भिंत यांच्या सांदीत अंग चोरून बसली होती. साडी ओली झाली होती. दोन्ही हातांच्या मुठी दार बडवून लाल झाल्या होत्या. पण जिवंत होती, धडधाकट होती.

"वाचल्या!" टेलरकाकू त्याच्या मागोमाग आल्या होत्या. त्या बाहेर पळाल्या. "आत आहेत! कडी होती म्हणून वाचल्या!"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच. पण गल्लीला ते सांगणार कोण? माणसं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून गेली. "तुम्ही होतात म्हणून." "सख्ख्या भावाची माया वेगळीच." संध्याकाळी बायको आली. पडलेली भिंत बघून ती उंबऱ्यावरच बसली आणि रडली. मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी तुम्हाला काय काय बोलले."

"अगं, ते तसं नाही. मी त्या वेळी..."

"काही बोलू नका. तुमचंच बरोबर होतं."

तेव्हा बोलला असता तर कदाचित त्याच संध्याकाळी निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी ते जड झालं आणि आठवड्यानं अशक्य. खोटं बोलून माणूस अडकतो हे त्याला ठाऊक होतं. न मिळवलेल्या कौतुकातही अडकतो, हे नव्हतं.

रविवारी बायकोनं बाजारातून स्टीलचा जाडजूड अडसर आणला. "ती कडी तकलादू आहे. हा बसवा. आणि आता अर्धा दिवस नको, पूर्ण दिवस." जी बाई शेळीसारखं बांधू नका म्हणत होती, तीच आता ऑफिसातून फोन करून विचारू लागली, "लावलंय ना?" तो "हो" म्हणायचा, आणि लगेच फोन ठेवायचा.

पंधरा दिवसांनी टेलरकाकू आल्या. "आमच्या मामंजींच्या खोलीलाही एक कडी बसवून द्या ना. मशीनवर बसले की लक्ष राहत नाही हो. तुमच्या हाताला यश आहे."

नाही म्हणायला तोंड हवं, आणि त्याचं तोंड तर सगळ्या गल्लीनं वाहवा करून बंद केलं होतं. तो ड्रिल घेऊन गेला. काकूंचे सासरे खाटेवर बसले होते. सुतार आलाय असं त्यांना वाटलं. ते उठले, स्क्रू स्वतःच्या तळहातावर घेऊन उभे राहिले आणि एकेक करून त्याला देत गेले. शेवटचा स्क्रू बसल्यावर त्यांनी कडी दोनदा सरकवून पाहिली.

"झकास! मजबूत काम आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोनं विचारलं, तर दाढ दुखतेय म्हणाला. कवळीवाल्याची दाढ दुखते म्हणून ती हसली.

अक्कानं दार बडवणं सोडलं होतं. आधी आवाज कमी झाला, मग बंद. आता अडसर काढला तरी ती बाहेर येत नसे. ताट आत न्यावं लागे. ती पलंगाच्या कडेला बसून राही आणि कुणी आलं की घाईघाईनं पदर सारखा करी, परीक्षेला बसवल्यासारखी. एकदा त्यानं दार सताड उघडं ठेवून म्हटलं, "ये ना अक्का, बाहेर ये." तिनं मान हलवली. "नको. मी शहाण्यासारखी बसलेय." त्याला कोमट पाणी आठवलं. पेरावं तसं उगवतं, त्यानं म्हणून बघितलं. पण ते आता तोंडातही बसेना.

त्याच सुमारास विहारातले थोरले भंते कवळीचं माप द्यायला आले. ऐंशीच्या पुढचे, काटकुळे, दाताचं नाव नाही. छत्री टेकत एकटेच आले होते. "काल प्रवचनात काय बोललो ते मलाच कळलं नाही," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "लोक मात्र खूश होते."

त्यानं ट्रेमध्ये मापाचा लगदा भरला, त्यांच्या तोंडात बसवला आणि दाबून धरला. "पाच मिनिटं आता बोलायचं नाही, भंते. हलायचंही नाही."

भंते मान वर करून स्थिर बसले. आणि का कोण जाणे, उत्तर देऊ न शकणारा माणूस समोर दिसताच त्याचं तोंड सुटलं. "एक ओळखीचा माणूस आहे," इथून त्यानं सुरुवात केली. सरपणाची खोली सांगितली, कडी सांगितली, बुधवार सांगितला, 'कळू दे तुलाही' सांगितलं, भिंत सांगितली, अडसर सांगितला. शेजारच्या म्हाताऱ्याच्या तळहातावरचे स्क्रू सांगितले. पाच मिनिटांची दहा झाली. लगदा केव्हाच घट्ट झाला होता. भंतेंनी शेवटी त्याच्या मनगटावर दोन बोटांनी टकटक केलं, तेव्हा कुठं त्यानं ट्रे काढला.

भंतेंनी चूळ भरली, ओठ पुसले. मागच्या खोलीच्या अडसराकडे एकदा पाहिलं.

"तो तुझा ओळखीचा माणूस," ते म्हणाले, "भिंत त्यानं पाडली का?"

"नाही."

"मग ती बाई वाचली ते पुण्य त्याचं नाही. भिंत पडणं भिंतीचं. कडी घालताना मनात जे होतं, तेवढंच त्याचं. बाकी लोकांनी त्याच्या गळ्यात घातलेले हार."

"मनात वाईट होतं, भंते. पण तिनंही लहानपणी तेच केलं होतं. तिचं कर्म तिच्याकडे आलं, एवढंच. तो नुसता..."

"निमित्त?"

त्यानं ट्रे उचलून पाण्याखाली धरला.

"पित्तानं डोकं दुखतं, हवेनं दुखतं, कुणी दगड मारला तरी दुखतं. सगळंच मागचं भोगणं नसतं. आणि असलं तरी तिचं मागचं तिच्यावर बजावायला याला कुणी नेमलंय? शिपाई म्हणून?" भंते थोडं थांबले. दातांविना एवढं बोलताना त्यांना धाप लागली होती. "वाईट केलं आणि वाईट केलं हे कळलं, तर माणूस कधी तरी मागं वळतो. वाईट करून जो म्हणतो हे बरोबरच झालं, हा नियमच आहे, तो कुठं वळणार? त्याला वळायला जागाच राहत नाही. ती बाई चार भिंतींत आहे. तो त्याहून लहान जागेत आहे."

"मग त्यानं करायचं काय?"

"ते मला काय विचारतोस? उद्या कडीला हात लागेल तेव्हा मनात काय आहे ते बघ म्हणावं. लावतानाही आणि काढतानाही." ते उठले आणि छत्री शोधू लागले. "कवळी कधी मिळेल?"

"मंगळवारी."

"थोडी सैल कर. फार घट्ट नको."

दुसऱ्या दिवशी बायको गेल्यावर तो अडसरापुढं उभा राहिला. लावायला हात उचलला आणि पाहिलं. राग होता. जुना, गुळगुळीत झालेला, पण होता. बरं, मग उघडंच ठेवू या म्हणून अडसर मागं ओढला आणि सांगितल्याप्रमाणे पुन्हा पाहिलं. तिथं लपून एक इच्छा बसली होती: ती बाहेर पडावी, चालत जावी, आणि परत येऊ नये. लावलं तरी पाप, काढलं तरी पाप. आतापर्यंत सगळा प्रश्न दाराचाच आहे असं त्याला वाटत आलं होतं. तो खाली फरशीवर बसला. उघड्या दारातून अक्का त्याच्याकडे पाहत होती.

"पडलास का रे?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"लागलं असेल तर फुंकर घालते."

त्यानं मान गुडघ्यात घातली आणि रडला. ती काही जागची उठली नाही. आपण उठलेलं चालतं की नाही, हे तिला आता ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही. भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले.

"म्हणजे मी रोज फोन करून विचारत होते, लावलंय ना म्हणून..."

"तुला माहीत नव्हतं."

"डॉक्टरांनी सांगितलेलं माहीत होतं. भिंत पडली म्हणून मी ते सोडून दिलं." तिनं भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुम्हाला आतून तसं वाटत होतं, आणि मी अक्कांना तुमच्यावर सोडून जात होते. उद्यापासून कशी जाऊ?"

तिनं त्या आठवड्यात रजा टाकली. नंतर कामावर गेली, पण दुपारी फोन करून "अक्कांना द्या" म्हणू लागली. अक्काला फोनवर बोलणं जमत नसे. तिचा श्वास ऐकू आला की बायको फोन ठेवी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो कुणाला काय म्हणणार?

टेलरकाकूंकडेही तो गेला. "ती कडी काढतो, काकू. माझी चूक झाली." काकूंनी मशीन थांबवलं नाही. "तुमच्या अक्का वाचल्या, आता आम्हाला उपदेश होय? मी दिवसभर एकटी असते. तुम्ही येऊन बसणार आहात का यांच्यापाशी?" त्याला हो म्हणता आलं नाही. तो पायऱ्या उतरत असताना भिंतीपलीकडून म्हातारबुवांचा हात कडी आतून शोधत असल्यासारखा लाकडावर फिरताना ऐकू येत होता. तो आवाज त्यानंतर त्याला घरातही ऐकू यायचा, कधी खराच, कधी नुसता कानात.

अडसर त्यानं उखडला. कामाचं टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं. अक्का साच्यांना हात लावायची, मेण चिमटीनं कुस्करायची. काम निम्म्यावर आलं. रोज चिडायचा. चिडलो, हे तेव्हाच्या तेव्हा कळायचं, एवढाच फरक. कधी कधी कळायला उशीर व्हायचा, आणि अक्का पदर सारखा करताना दिसायची.

तिला पुन्हा बाहेर काढायला महिना गेला. पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. आता दुपारी दोन वाजता तो पाण्याची बाटली घेऊन तिच्या मागं निघतो. ती पुढं, तो चार पावलं मागं, कारण सोबत चाललं की ती थांबते.

काल ती बसथांब्यावर जाऊन बसली. ऊन चढलं होतं. घरी दोन मापं पडून होती. एक बस आली, माणसं चढली, उतरली. त्याचे दात आपोआप आवळले गेले. मग ते आवळलेत हे त्याला कळलं, आणि तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

अक्कानं मान वळवून त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"तुमचं काही काम असेल तर जा तुम्ही," ती म्हणाली. "मला न्यायला माझा भाऊ येणार आहे."

"कधी येईल तो?"

"त्याचा काही नेम नाही."

त्यानं बाटलीचं झाकण काढलं आणि बाटली तिच्या हातात दिली. ती हळूहळू पाणी प्यायली. दुसरी बसही येऊन गेली.